टेपखालचे हेडमास्तर

रंगीत स्लाइड काढणाऱ्या हौशी मंडळींचं एक मंडळ होतं आणि त्याचं वार्षिक संमेलन दर वर्षी एका रविवारी दुपारी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये भरायचं. दुपारी, कारण बहुतेक सभासदांना संध्याकाळी सातच्या ठोक्याला जेवायला लागायचं. आणि अंधार तर हवाच, म्हणून खिडक्यांना काळा कागद. त्या कागदाला दर वर्षी नवी भोकं पडायची आणि ती कोणी बुजवायची यावरून दर वर्षी नवं भांडण व्हायचं. जगाने कॅमेऱ्यातली फिल्म कधीच सोडून दिली होती. शेंबडी पोरंसुद्धा फोनवर फोटो काढून लगेच पुसून टाकत होती. हे एकोणीस जण मात्र अजून फिल्म मागवायचे, ती लांबच्या प्रयोगशाळेत धुवायला पाठवायचे, तीन आठवडे टपालवाल्याच्या वाटेकडे डोळे लावून बसायचे आणि मग काड्यापेटीएवढ्या चौकटीतला तो रंगीत तुकडा दिव्यासमोर धरून म्हणायचे, "डावीकडे जरा जड झालंय."

हे जड-हलकं प्रकरण त्यांच्या अगदी हाडीमाशी खिळलं होतं. मंडळातल्या दंतवैद्याने स्वतःचा नातू पहिल्यांदा पाहिला तेव्हा "मागे फार गर्दी आहे" असा अभिप्राय दिला. मागे सुनेच्या माहेरची माणसं उभी होती. चार महिन्यांपूर्वी मंडळाचे संस्थापक अध्यक्ष वारले. ते एका शाळेचे निवृत्त हेडमास्तर, त्यामुळे सगळे त्यांना हेडमास्तरच म्हणत. त्यांना पोचवून परत येताना सहा सभासद एका गाडीत कोंबून बसले होते. मग एक जण सुस्कारा टाकून म्हणाला, "उजेड मात्र काय सुंदर पडला होता!" बाकीच्या पाचांनी माना डोलावल्या. त्यांना दुःख झालं नव्हतं असं नाही. चांगलं पोटातून झालं होतं. पण ते बोलून दाखवायची दुसरी रीत त्यांच्यापाशी नव्हती.

मान डोलावणाऱ्यांत केमिस्टही होता. बाजाराच्या तोंडाशी त्याचं औषधांचं दुकान होतं, आणि गेली पंधरा वर्षं मंडळाचा प्रोजेक्टर तोच चालवायचा. पण मंडळात त्याचा मान होता तो प्रोजेक्टरमुळे नव्हे, एका स्लाइडमुळे. तिचं नाव 'उड्डाण'. पहाटेचं गुलाबी पाणी आणि त्यावरून एकाच झपाट्यात उठलेले चाळीस-पन्नास बगळे. नऊ वर्षांपूर्वी तिला एका मोठ्या स्पर्धेत, निसर्ग विभागात, पहिलं बक्षीस मिळालं होतं. मंडळाला तोवर कुत्रं विचारत नव्हतं. 'उड्डाण'नंतर वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. दंतवैद्याने तिचा कागदावर मोठा फोटो छापून दवाखान्यात खुर्चीसमोर लावला. गावातल्या निम्म्या लोकांनी ते बगळे तोंडाचा आ करून पाहिले होते.

आणि स्लाइडपेक्षा तिची गोष्ट मोठी. केमिस्ट म्हणे लागोपाठ अकरा सकाळी गवतात दबा धरून बसला. पाय सुजले, डासांनी फोडून काढलं, पण पठ्ठ्या हलला नाही, आणि अकराव्या सकाळी पक्षी आपणहून उडाले. चौथ्या वर्षी त्या गोष्टीत एक साप आला. साप कोणी घातला ते केमिस्टलाही ठाऊक नव्हतं, पण त्याने काढलाही नाही. नवा सभासद आला की त्याला आधी 'उड्डाण' दाखवायचे, मग अकरा सकाळी सांगायचे, आणि म्हणायचे, "असा धीर हवा!"

खरी गोष्ट अशी होती की सकाळ एकच होती आणि बसणं जेमतेम वीस मिनिटांचं. केमिस्ट आणि हेडमास्तर दोघेच तळ्यावर गेले होते. बगळे ढिम्म उभे. दुकान उघडायची वेळ होत आलेली. केमिस्ट कावला. तेव्हा हेडमास्तरांनी घरून आणलेल्या पिशवीतून एक भलंमोठं झाकण आणि एक पळी काढली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, पाण्यात शिरले आणि शाळा सुटल्यासारखं बडवायला सुरुवात केली. बगळे उडाले. केमिस्टने बटण दाबलं. फिल्म धुऊन आली तेव्हा उजव्या बाजूला अप्रतिम बगळे होते, आणि डाव्या बाजूला, झाकण उगारलेले हेडमास्तर.

यावर स्लाइडवाल्यांकडे जुना उपाय आहे. नको असलेल्या भागावर चंदेरी टेप लावायची. तेवढा भाग पडद्यावर येतच नाही, चित्र अरुंद दिसतं इतकंच. केमिस्टने डाव्या बाजूला टेप लावली, हेडमास्तर टेपखाली गेले, आणि निसर्ग विभागाचा पहिला नियम, म्हणजे प्राणी-पक्ष्यांना हुसकू नये हा, तोही त्यांच्याबरोबर टेपखाली गेला. बिंग दोघांतच राहिलं. हेडमास्तर कधी कुठे एक अक्षर बोलले नाहीत. उलट अकरा सकाळींची गोष्ट निघाली की सगळ्यांत जोरात तेच हसायचे, आणि लोकांना वाटायचं, मित्राचं कौतुक वाटतंय.

एवढं सगळं सुखाने चाललं असताना, संमेलनाच्या दहा दिवस आधी हेडमास्तरांच्या पत्नी दुकानात आल्या. त्यांना सगळं मंडळ वहिनी म्हणायचं. रक्तदाबाच्या गोळ्या घेतल्या, पिशवीत टाकल्या, पण वहिनी काउंटरसमोरून हलेनात.

"भाऊजी, यंदा मी येणार आहे तुमच्या संमेलनाला."

"या की, वहिनी. अवश्य या."

"इतकी वर्षं नाही आले. म्हटलं, दगडधोंडे आणि झाडं बघायला तंगडतोड कोण करणार! पण यंदा यांना श्रद्धांजली आहे म्हणे."

"हो. पहिला कार्यक्रम तोच."

"मग मला ते पडद्यावर दिसले पाहिजेत. चांगले मोठे. आणि हसताना."

वहिनींनी पिशवीचे बंद दोनदा पिळले. "घरी फारसे हसायचे नाहीत हो. शाळेतून यायचे ते कपाळावर आठ्या घेऊनच, आणि निवृत्त झाले तरी त्या तशाच राहिल्या. पण मयताला जो तो मला हेच सांगत होता, काय दिलखुलास हसायचे म्हणून. चाळीस वर्षं संसार केला, तो हसरा माणूस मला कोणी दाखवलाच नाही. एकदा बघू द्या."

"घरी फोटो असतील ना?"

"लग्नातला आहे, त्यात घाबरलेत. ओळखपत्रावरचा आहे, त्यात चोर दिसतात."

"दाखवतो," केमिस्ट म्हणाला. त्या क्षणी तो अगदी मनापासून म्हणाला, आणि त्या गेल्यावर डोक्याला हात लावून बसला.

कारण हेडमास्तरांचा चेहरा कोणाकडेच नव्हता. त्याला जबाबदार खुद्द हेडमास्तर. माणूस कॅमेऱ्याकडे बघायला लागला की चित्र मेलं, हा त्यांचाच दंडक, आणि कोणी चुकून तशी स्लाइड आणली तर ते सर्वांसमक्ष तिचे वाभाडे काढायचे. केमिस्टने आठवडाभर सभासदांचे टाकाऊ स्लाइडचे डबे उपसले. हेडमास्तरांचं कोपर मिळालं. एका धबधब्याच्या कडेला त्यांची पाठ मिळाली. एक कान मिळाला. वाळूवर पडलेली त्यांची सावली तर सात जणांकडे होती, तीही प्रत्येकाने चूक म्हणून बाजूला काढलेली. शेवटी दंतवैद्याने एक स्लाइड आणून दिली: तिकाटण्यावर, कॅमेऱ्याच्या जागी, हेडमास्तरांची कापडी टोपी ठेवलेली, मागे धुकं.

"हीच दाखवायची," दंतवैद्य म्हणाला. हेडमास्तर गेल्यापासून अध्यक्षाचा कारभार तोच बघत होता. "माणूस नाही, फक्त टोपी. किती सूचक आहे! चेहरा दाखवणं म्हणजे फारच बाळबोध झालं."

"वहिनींना चेहरा हवाय."

"वहिनी स्लाइडवाल्या नाहीत," दंतवैद्याने निकाल दिला.

चेहरा कुठे आहे हे केमिस्टला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आठवडाभर तो इतरांचे डबे उपसत होता ते आपला डबा उघडावा लागू नये म्हणूनच. पण रविवारी सकाळी त्याला राहवेना. दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून त्याने 'उड्डाण' चौकटीतून काढली आणि कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावत टेप सोडवली. नऊ वर्षांची टेप, सहज सुटेना. सुटली तेव्हा औषधांवरची बारीक अक्षरं वाचायच्या भिंगातून त्याने पाहिलं. हेडमास्तर गुडघाभर पाण्यात उभे राहून थेट त्याच्याकडे बघत हसत होते. सगळा चेहरा हसत होता, कपाळावर एक आठी नव्हती. केमिस्टला त्यांची एकदम, कडकडून आठवण आली. चार महिन्यांत पहिल्यांदाच, उजेडाबिजेडाचा विचार मध्ये न येता. तो स्टुलावर बसून राहिला आणि डोळे पुसायला त्याने चुकून स्पिरिटचा बोळा घेतला, त्यामुळे आणखी दहा मिनिटं रडत राहिला.

रडून झाल्यावर मात्र त्याचं धाबं दणाणलं. आजच्या कार्यक्रमाचा शेवट 'उड्डाण'नेच व्हायचा होता. मंडळाच्या पंचवीस वर्षांतली सर्वोत्तम स्लाइड म्हणून तिचा गौरव, केमिस्टला मानचिन्ह, त्यावर 'संयम' असं कोरलेलं, आणि दंतवैद्याचं अकरा सकाळींवर भाषण. बायकोने सगळ्या आळीला सांगून ठेवलं होतं आणि तिच्या दोन्ही बहिणी यायच्या होत्या. स्लाइडची दुसरी प्रत नसते. एकच तुकडा, त्यावर एक तर हेडमास्तर दिसणार, नाही तर केमिस्टची अब्रू राहणार. त्याने स्लाइड पुन्हा चौकटीत घातली, टेपचा नवा तुकडा कापून खिशात ठेवला आणि स्वतःला सांगितलं की हॉलवर गेल्यावर बघू.

हॉलमध्ये बिस्किटांच्या बश्या होत्या, चहाचं पिंप होतं, आणि भोकांवरून भांडण होऊन गेलं होतं. वहिनी पहिल्या रांगेत मधोमध बसल्या होत्या. चष्मा नवा होता. केमिस्टने प्रोजेक्टरच्या खोक्यात पहिल्या खाचेत टोपी ठेवली. दुसऱ्या खाचेत उघडी 'उड्डाण' ठेवली. टेप खिशातच राहिली. लावायची असेल तर मधल्या वेळात लावता येईल, असं त्याने मनाशी म्हटलं. हे त्याचं त्यालाही पटलं नाही.

दंतवैद्याने भाषण केलं. हेडमास्तर गेले याबद्दल अर्धं मिनिट आणि त्यांच्या जागी आपण कसे नाइलाजाने आलो याबद्दल बारा. मग सगळे शांत उभे राहिले. मग दिवे मालवले आणि पडद्यावर टोपी आली.

"वा!" अंधारातून दोन-तीन आवाज उठले.

"धुकं बघा. किती मऊ."

"टोपी बरोबर तिसऱ्या हिश्श्यात आलीय."

आणि मग जे झालं ते फक्त याच मंडळींकडून होऊ शकलं असतं. कोपऱ्यातल्या टेबलाशी संमेलनातल्या स्पर्धेसाठी बोलावलेले तीन परीक्षक बसले होते, प्रत्येकाच्या हाताशी गुण द्यायची बटणं. ही श्रद्धांजली आहे हे त्यांना कोणी नीट सांगितलं नव्हतं, आणि पडद्यावर स्लाइड आली की बोट बटणावर जाणं हा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. पडद्याच्या वर लाल आकडे लागले: आठ, आठ, नऊ. कैलासवासी अध्यक्षांना दहापैकी. आणि सभासदांनी, परमेश्वर त्यांना क्षमा करो, टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबल्यावर वहिनींचा आवाज आला. मोठा नव्हता. "ही टोपी माझ्या घरी खुंटीला आहे. रोज बघते मी. माणूस कुठाय?"

दंतवैद्य अंधारात वाकून म्हणाला, "वहिनी, ते सूचक आहे."

"अहो, मला सुचवू नका. दाखवा."

केमिस्टने बटण दाबलं. पुढे लोकांनी त्याला विचारलं की एवढा धीर कुठून आला. धीर वगैरे काही नव्हता. त्या पहिल्या रांगेतल्या पाठीकडे बघत दुसरं काही करणं त्याला जमलंच नाही.

पडद्यावर 'उड्डाण' आली, पण नेहमीपेक्षा रुंद. उजवीकडे ते सगळ्यांना पाठ असलेले बगळे. डावीकडे, बगळ्यांपेक्षा चौपट मोठे, हेडमास्तर. पँट दुमडलेली, एका हातात झाकण, दुसऱ्या हातात पळी, तोंड उघडं, आणि नजर सरळ हॉलमधल्या प्रत्येकावर. हसणं असं की ऐकू यावं.

सवयीचा गुलाम असलेल्या एका परीक्षकाने चारचा आकडा लावला.

"हे..." दंतवैद्याचा आवाज चिरकला. "हे पक्षी उडवले होते?"

"हो," केमिस्ट म्हणाला.

"आणि अकरा सकाळी?"

"एकच सकाळ. वीस मिनिटं."

"आणि साप?" मागून कोणीतरी अगदी काकुळतीला येऊन विचारलं.

"साप नव्हता."

मग जो गलका उठला तो उठला. कोणी म्हणालं बक्षीस परत करावं लागेल, कोणी म्हणालं मंडळाचं नाव मातीत गेलं, कोणी म्हणालं डावीकडे फारच जड झालंय. केमिस्टची बायको दोन बहिणींच्या मध्ये बसून सरळ समोर बघत होती आणि तिची मान जराही हलत नव्हती. केमिस्टला वाटलं, जमीन दुभंगावी. पण त्याच वेळी त्याला हलकंही वाटत होतं, नऊ वर्षांत वाटलं नव्हतं इतकं. वहिनी उठून पडद्यापाशी गेल्या होत्या. त्यांची सावली हेडमास्तरांच्या पोटावर पडली होती. त्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या, खूप वेळ. मग त्यांची नजर खाली उतरली.

"हे झाकण," त्या म्हणाल्या. "अहो, हे झाकण तर..."

गलका कमी झाला.

"हे माझ्या सासूबाईंच्या मोठ्या पातेल्याचं झाकण आहे. भाऊजी, कुठाय हे?"

"तळ्यात, वहिनी. बडवता बडवता हातातून निसटलं, चिखलात गेलं. खूप शोधलं आम्ही."

"तळ्यात," वहिनी म्हणाल्या. त्यांनी पडद्याकडे वळून नवऱ्यालाच विचारलं, "अहो, मग बोलायचं ना मला! मी घर डोक्यावर घेतलं होतं, तेव्हा तुम्ही पेपर वाचत बसला होतात! धाकट्या जावेने नेलं म्हटलं मी. चार माणसांत म्हटलं. चोर म्हटलं तिला. ती रडून सांगत होती, आणि तुम्ही पेपराचं पान उलटत होतात!" हेडमास्तर हसतच होते. वहिनींचा आवाज फुटला. "नऊ वर्षं तोंड बघितलं नाही आम्ही एकमेकींचं. तुम्ही गेलात तेव्हा आली होती ती. फाटकापाशी उभी राहिली. मी 'आत ये' म्हटलं नाही. उभ्या उभ्या परत गेली."

यातलं केमिस्टला काही ठाऊक नव्हतं, पण जेवढं ठाऊक होतं तेवढंच पुरेसं होतं.

"वहिनी, त्यांचा दोष नाही," तो म्हणाला. "परत येताना ते म्हणाले होते, घरी सांगून टाकतो. मीच म्हटलं, स्पर्धेचा निकाल लागेपर्यंत थांबा, बोभाटा होईल. मग निकाल लागला, पहिला नंबर आला, तेव्हा म्हटलं, आता तर मुळीच सांगू नका. त्यांच्याकडून वचन घेतलं मी. नंतर मी विचारलंही नाही. मला वाटलं, झाकणच तर आहे."

वहिनी दोन पावलं उजवीकडे सरकून वळल्या. प्रोजेक्टरचा झोत त्यांच्या चेहऱ्यावर होता आणि बगळ्यांचे पंख त्यांच्या कपाळावर. त्या रागावल्या असत्या, ओरडल्या असत्या, तर केमिस्टला बरं वाटलं असतं.

"मित्राला दिलेला शब्द पाळला म्हणायचा," त्या म्हणाल्या. "बायकोला कोणता दिला होता कोण जाणे."

"वेळ झाली!" दंतवैद्य मध्येच ओरडला. "एका स्लाइडला वीस सेकंद, ती केव्हाच उलटली! फिल्म तापून वाकेल!" आणि खरंच, पडद्यावर हेडमास्तरांच्या हसण्याच्या कडा पुसट व्हायला लागल्या होत्या.

"बंद करा," वहिनी म्हणाल्या. "जळायला नको. मला ती हवीय."

दिवे लागले. सगळे डोळे चोळत एकमेकांकडे न बघता बसून राहिले. केमिस्टने गरम स्लाइड रुमालात धरून बाहेर काढली आणि पहिल्या रांगेपाशी नेऊन दिली. दंतवैद्य पुढे सरसावून म्हणाला की बक्षीसपात्र स्लाइड मंडळाच्या संग्रहाची असते, तसा ठराव झालेला आहे. वहिनींनी त्याच्याकडे फक्त पाहिलं, आणि तो बिस्किटांच्या बशीकडे वळला.

त्यांनी स्लाइड दिव्यासमोर धरून एकदा पाहिली आणि पाकिटात ठेवली. मग केमिस्टला म्हणाल्या, "उद्या सकाळी दुकान उघडू नका. माझ्याबरोबर चला जावेकडे."

"येतो, वहिनी. पण तुम्ही दोघी बोलाल तिथे मी कशाला..."

"बोलायचं तुम्हीच आहे," वहिनी म्हणाल्या. "तिच्याशी बोलायचं कसं, हे आता मला येत नाही."